इनिपी : लाकोटांचा शुद्धीविधी

प्रश्न : अमेरिकेतील लाकोटा या आदिवासी लोकांच्या ‘स्वेट लॉज’विषयी, म्हणजे घाम आणणाऱ्या झोपडीतील विधीविषयी, अलीकडेच वाचले. हे एक प्रकारचे बाष्पस्नानच आहे का? आणि शुल्क भरून बाहेरच्यांनी त्यात भाग घ्यावा का?

उत्तर : लाकोटा लोक या विधीला ‘इनिपी’ म्हणतात आणि तो त्यांच्या सात पवित्र विधींपैकी एक मानला जातो. घाम येतो म्हणून त्याला बाष्पस्नान म्हणणे मला अपुरे वाटते. विलो या झाडाच्या लवचिक फांद्या वाकवून घुमटासारखा सांगाडा उभारतात. त्यावर पूर्वी बायसनची कातडी घालत, आता घोंगड्या किंवा ताडपत्री घालतात. बाहेरच्या अग्नीत तापून लालबुंद झालेले दगड एकेक करून आत आणून मधल्या खड्ड्यात ठेवतात आणि ‘तुंकाशिला’, म्हणजे आजोबा, असे म्हणून त्यांना मान देतात. मग दार झाकले जाते, गडद अंधार होतो, दगडांवर पाणी पडताच चर्र आवाजासरशी वाफ अंगावर येते आणि प्रार्थना व गाणी सुरू होतात. सामान्यतः अशी चार आवर्तने होतात व प्रत्येकानंतर दार उघडले जाते. सूर्यनृत्यासारख्या मोठ्या विधीपूर्वीही इनिपी करतात.

हा विधी जपणे सोपे नव्हते, हे विसरून चालणार नाही. 1883 च्या सरकारी नियमांनुसार आदिवासी वैदूंच्या विधींसाठी कैदेची शिक्षा होती. धर्माचरणाच्या स्वातंत्र्याला कायद्याने स्पष्ट संरक्षण मिळायला 1978 साल उजाडले. म्हणूनच 1993 मध्ये लाकोटांनी आपल्या विधींचा बाजार मांडणाऱ्यांविरुद्ध जाहीरनामा काढला, तेव्हा त्यामागची वेदना खरी होती. पुढे 2009 मध्ये ॲरिझोनातील सेडोना येथे, लाकोटांशी संबंध नसलेल्या एका व्यक्तिमत्त्व-विकास शिबिरात हजारो डॉलर भरून आलेल्या पन्नासहून अधिक लोकांना अशाच झोपडीत बसवले गेले आणि त्यातून तिघांचा मृत्यू झाला.

तेव्हा, शुल्क भरून जाऊ नये, हेच माझे स्पष्ट मत आहे. एखाद्या लाकोटा कुटुंबाने आपणहून बोलावले, तर मात्र विधी चालवणाऱ्याचे ऐकून आदराने जावे. आत शिरताना ‘मिताकुये ओयासिन’, म्हणजे ‘सारे माझे आप्त’, असे म्हणतात, आणि उष्णता असह्य होऊन कोणी हेच शब्द उच्चारले, तर त्याच्यासाठी दार उघडण्याची रीत आहे.