कोरी पानं आधी वाचा

पत्र : ताई, लग्न होऊन इंग्लंडमधल्या प्रेस्टनला आले त्याला सोळा वर्षं झाली. नवरा इथलाच. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि आमचं छान जमतं. उन्हाळ्यात सगळं घराणं एकत्र जमणार आहे, म्हणून मी त्यांच्या पूर्वजांची पुस्तिका करायला घेतली. सासूबाईंची पणजी इथल्या कापसाच्या गिरणीत मागावर होती. तिची तीन मुलं तान्ही असतानाच गेली : सप्टेंबर १८५९, फेब्रुवारी १८६३, ऑगस्ट १८६६. दाखल्यांवर कारणं अनुक्रमे जुलाब, डांग्या खोकला आणि झटके. सासूबाईंनी मला बिस्किटांचा एक जुना डबा दिला होता, त्यात बरिअल क्लबचं, म्हणजे दफनखर्चाच्या भिशीचं पुस्तक निघालं. प्रत्येक मुलाचं नाव जन्मानंतर लगेच घातलेलं, दर आठवड्याला अर्धी पेनी. पहिल्या मुलीच्या वेळी ३० शिलिंग मिळाल्याची नोंद आहे. (पुस्तक तसं गबाळंच आहे, १८६२च्या नोव्हेंबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंतची पानं कोरी सोडलीत.) चुलतदिराने व्हॉट्सॲपवर ‘आपल्या घरची मेरी अ‍ॅन कॉटन’ (विष घालून मारणारी इथली कुप्रसिद्ध बाई) असं टाकलं आणि सगळे हसले. तिसऱ्या मुलाच्या दाखल्यावर तर माहिती देणारी म्हणून शेजारच्या गल्लीतली बाई आहे, आई नाहीच. म्हणजे मूल तिच्याकडे टाकून ही गिरणीत. माझी झोप उडाली आहे. सासूबाईंना सांगू, की हे प्रकरण गाळू?

उत्तर :

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंत. वर त्याला ‘गबाळं’ म्हणालात.

तारखा एकाखाली एक मांडा. पुस्तक नोव्हेंबर १८६२ ते एप्रिल १८६३ कोरं आहे आणि दुसरं मूल फेब्रुवारी १८६३ मध्ये गेलं, म्हणजे कोऱ्या पानांच्या अगदी मधोमध. इतके दिवस दाखले आणि पुस्तक घेऊन बसलात, आणि हे दोन कागद शेजारी ठेवले नाहीत?

बरिअल क्लब म्हणजे दफनाच्या खर्चाची भिशी. वसुली करणारा माणूस दर आठवड्याला दारात येई, पेनी किंवा अर्धी पेनी घेई आणि पुस्तकात खूण करी. खूण नाही याचा अर्थ पैसे दिले गेले नाहीत. आणि ठरावीक आठवड्यांपेक्षा जास्त थकलं की सभासदाचा हक्क जाई. आधीची कितीही वर्षं भरलेली असोत, एक छदाम परत मिळत नसे. नियम बहुतेक वेळा पुस्तकाच्या शेवटी किंवा आवरणाच्या आतल्या बाजूला छापलेले असतात. भिंग घ्या आणि थकबाकीचं कलम शोधा. मग एप्रिलनंतरच्या पानावरचा सभासद क्रमांक आधीच्याशी जुळवून बघा. बदललेला असेल तर तिचं नाव कापलं गेलं होतं आणि तिने नव्याने प्रवेश घेतला. नव्या सभासदाला काही आठवडे भरल्याशिवाय काहीच मिळत नसे.

म्हणजे दुसऱ्या मुलाचे तिला पैसे मिळाले नाहीत, असंच दिसतं. विम्यासाठी मूल मारणारी बाई निदान हप्ता तरी भरून ठेवते.

त्या हिवाळ्यात प्रेस्टनमध्ये काय चाललं होतं हे तुम्हाला ठाऊक असायला हवं, राहता तिथेच. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, दक्षिणेची बंदरं नाकेबंदीत अडकली आणि तुमच्या लँकेशायर परगण्याला येणारा कापूस थांबला. १८६२ अखेर या भागात सुमारे पाच लाख माणसं मदतीवर जगत होती. माग बंद पडलेल्या मुलींना शिवणवर्गात बसवून थोडे पैसे दिले जात. पुरुषांना सार्वजनिक कामांवर लावलं. तुमच्या गावातली एव्हनम आणि मिलर ही दोन्ही उद्यानं पुढे १८६०च्या दशकात अशाच बेकार गिरणी कामगारांच्या हातून झाली. अशा हिवाळ्यात अर्धी पेनी थकते. गबाळेपणाने नव्हे, नसते म्हणून थकते.

आणखी एक गोष्ट, जी त्या काळच्या डॉक्टरांनाही चक्रावून गेली. कापसाच्या या दुष्काळात घरोघर उपासमार असूनही काही ठिकाणी तान्ह्या मुलांचे मृत्यू कमी झाले. आया घरी होत्या आणि मुलं अंगावर पीत होती, म्हणून. तुमच्या बाईंचं दुसरं मूलही बहुधा तसंच तिच्या मांडीवर होतं. त्या दाखल्यावर माहिती देणाऱ्याचा रकाना बघा. सहीऐवजी आईची फुली असेल आणि पुढे ‘मृत्यूच्या वेळी हजर’ असे शब्द असतील, तर पुरावाच झाला. पण डांग्या खोकल्यापुढे आईचं दूध पुरत नाही, आणि चुलीत कोळसा नसेल तर मुळीच नाही.

आता ते ३० शिलिंग. तुमच्या चुलतदिराला ती रक्कम म्हणजे घबाड वाटते, कारण त्याने खर्चाची बाजू पाहिलेली नाही. लंडनच्या लँबेथ भागातल्या गरीब घरांचे जमाखर्च १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. साल आणि शहर वेगळं आहे, पण खर्चाच्या बाबी त्याच. त्यात एका मुलाच्या दफनाचा हिशेब असा : दफनवाल्याचे १ पौंड १२ शिलिंग, दाखल्याचे १ शिलिंग ३ पेन्स, खड्डा खणणाऱ्यांचे २ शिलिंग, गाडीबरोबरच्या माणसांचे २, न्हाऊ घालून कपडे चढवणाऱ्या बाईचे २, विम्याच्या एजंटाला १, फुलं ६ पेन्स, बापाचा काळा टाय १ शिलिंग. बेरीज २ पौंड १ शिलिंग ९ पेन्स. २० शिलिंगांचा पौंड, म्हणजे तुमच्या बाईंच्या हातातले ३० शिलिंग दीड पौंड होतात. त्यातून किती उरलं असेल, तुम्हीच सांगा.

हे पैसे नसले तर काय, तेही ऐका. पॅरिशच्या, म्हणजे गावच्या गरीब-मदतीच्या खर्चाने दफन, तेही सार्वजनिक खड्ड्यात, एकावर एक अनोळखी माणसं. १८३२च्या कायद्याने तर कुणी दावा न केलेलं गरिबाचं प्रेत वैद्यकशाळेत चिरफाडीला देता येत असे. बायका पोटाला चिमटा घेऊन अर्धी पेनी बाजूला ठेवत त्या या भीतीने. आणि बाळ जन्मताच नाव घालणं यात काळंबेरं काही नाही. देशभरात जन्मलेल्या हजारांतली सुमारे दीडशे मुलं वर्षाच्या आत जात, प्रेस्टनसारख्या गिरणीच्या गावात त्याहून बरीच जास्त. पहिली मुलगी गमावलेली आई पुढच्या वेळी वाट बघत बसेल का?

मेरी अ‍ॅन कॉटनला १८७३ मध्ये डरहॅमच्या तुरुंगात फाशी झाली, आर्सेनिकने विष घातल्याबद्दल. विम्याचे पैसे हा तिच्या कथेतला गाजलेला भाग, आणि तिच्या आधीपासूनच वर्तमानपत्रांना गरीब आयांच्या बरिअल क्लबांत खून दिसत होते. १८७५च्या कायद्यात पाच वर्षांखालच्या मुलाला ६ पौंड आणि दहा वर्षांखालच्याला १० पौंड अशी वरची मर्यादा होती. तुमच्या बाईंना मिळालेली रक्कम त्या मर्यादेच्या पाव हिश्शाइतकी आहे. चुलतदिराला एवढंच कळवा, बाकी वाद घालू नका.

राहिला तो ‘टाकून’. हा शब्द पुस्तिकेत गेला तर माझ्याइतकी चिडलेली वाचक तुम्हाला दुसरी मिळणार नाही. तिसऱ्या मृत्यूच्या तारखेचा वार काढा. सोमवार ते शुक्रवार असेल तर उत्तर सरळ आहे. १८५०च्या कायद्यानुसार गिरणीतल्या बाईचा दिवस सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, मध्ये खाण्यासाठी दीड तास. शनिवारी दोनला सुटका. बाळंतपणाची रजा नाही. बाळंतिणीला चार आठवडे कामावर घेऊ नये असा कायदा व्हायला १८९१ उजाडलं. गैरहजर राहिलं की माग दुसरीला मिळे. मूल शेजारणीकडे ठेवायचं ते पैसे मोजून, आणि ती बाई त्याला पाव पाण्यात भिजवून साखर घालून भरवी, नाहीतर बाटलीने गाईचं दूध देई. त्या काळी लांब रबरी नळीची बाटली आली होती. मूल एकटं पडल्या पडल्या चोखी, म्हणून सोयीची. पण नळी आतून घासता येत नसे. ऑगस्टच्या उकाड्यात दूध आत नासे, जुलाब लागत, अंगातलं पाणी आणि क्षार जात आणि शेवटी झटके येत. दाखल्यावर बहुतेकदा ते शेवटचं लक्षणच लिहिलं जाई. म्हणून ‘झटके’ आणि ‘ऑगस्ट’ हे दोन शब्द एकत्र वाचायचे. पहिल्या मुलीचे सप्टेंबरचे जुलाब बहुधा त्याच कुळातले.

शेजारणीने गॉडफ्रेज कॉर्डियल पाजलं असेल का? असेलही. काकवीत कालवलेली अफू होती ती, प्रत्येक दुकानात जोर वेगळा. त्याने झोपलेलं मूल भूक लागली तरी रडत नाही, मग त्याला कोणी पाजत नाही. यात इंग्रज आईला नावं ठेवण्याआधी मुंबईच्या गिरण्यांतल्या बायका तान्ह्यांना बाळगोळी देत आणि तीतही अफू असे, हे आठवा.

एप्रिल १८६३ मध्ये खुणा परत सुरू होतात, त्याचाही आपल्याशी संबंध आहे. गिरण्या हळूहळू चालू झाल्या त्या बऱ्याच अंशी हिंदुस्थानी कापसावर. खानदेश-वऱ्हाडचा असो की गुजरातचा, तिकडे त्याला सरसकट ‘सुरत’ म्हणत आणि मनापासून शिव्या घालत. धागा आखूड, सारखा तुटे, आणि विणकरांची मजुरी नगावर. मुंबईत याच कापसावर पैशाचा पूर आला होता, १८६५ मध्ये तो ओसरला आणि कित्येक पेढ्या बुडाल्या. इकडे तुमच्या बाईंनी तुटका धागा जोडत जोडत पहिली कमाई हातात आल्यावर क्लबची अर्धी पेनी परत चालू केली.

आता सासूबाईंचं. डबा तुम्हाला दिला कोणी? त्यांनीच. इतकी वर्षं घरात असलेला डबा त्यांनी उघडून पाहिला नसेल असं समजणं भाबडेपणाचं आहे. त्यांना सांगावं की नाही हा तुमचा प्रश्न निकालात निघालेला आहे. त्यांना न्यायचं आहे.

दुसऱ्या मुलाची कबर शोधा, आणि सासूबाईंना बरोबर घेऊन शोधा. प्रेस्टनची नगर दफनभूमी १८५५ मध्ये सुरू झाली, तेव्हा १८६३चं दफन बहुधा तिथलंच. सुरुवात बो लेनवरच्या लँकेशायर आर्काइव्ह्जमध्ये करा. जाताना मुलाचं नाव, मृत्यूची तारीख आणि आईबापांचा पंथ लिहून न्या, कारण चर्च ऑफ इंग्लंड, कॅथलिक आणि इतर यांचे विभाग वेगळे असतात. मृत्यूनंतरचे आठ-दहा दिवस नोंदवहीत तपासा. आडनावाचं स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी पाहा. जिला सही येत नव्हती तिचं आडनाव कारकून कानाला लागेल तसं लिही. नोंद सापडली की तिथे थांबू नका. कबरीचा क्रमांक घ्या आणि त्याच क्रमांकाखाली आणखी कोणाकोणाची नावं आहेत ते विचारा. वेगवेगळ्या आडनावांची माणसं निघाली तर ती सार्वजनिक कबर. मग पहिल्या मुलीची कबर त्याच रीतीने काढा आणि दोन्ही क्रमांक शेजारी लिहा.

पुस्तिकेत त्या कोऱ्या पानांचा फोटो पूर्ण पानभर छापा. खाली मुलाचं नाव, फेब्रुवारी १८६३ आणि कबरीचा क्रमांक. नाव तुम्ही मला कळवलं नाहीत, पण दाखल्यावर आहे.