लिली फुलते तेव्हा बाग बंद असते

प्रश्न : आमच्या गावच्या सार्वजनिक बागेत जुना लिली पॉन्ड आहे, ३० फूट बाय २० फूट. पाने भरपूर, पण उमललेले फूल कधी दिसत नाही, नुसत्या मिटलेल्या कळ्या. बाग सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ५ ते ८ उघडी असते. मधोमध कारंजे आहे. काय चुकते? (वाचक, धुळे जिल्हा)

उत्तर : कळ्या दिसतात म्हणजे वेल फुलतो आहे, चुकते ती वेळ. दिवसा फुलणारी लिली ऊन चढल्यावर, नऊच्या सुमारास उमलते आणि दुपारी तीन-चारला मिटते. एक फूल तीन-चार दिवस अशी उघडमीट करते आणि मग पाण्याखाली जाते. नेमक्या त्याच वेळात बागेला कुलूप! एखाद्या दिवशी अकराला फाटक उघडायला सांगा आणि खात्री करून घ्या.

वेळ बदलता येत नसेल तर रात्री फुलणारे पांढरे किंवा लाल कुमुद लावा, तीही लिलीच. कमळ सूर्यविकासी, कुमुद चंद्रविकासी हे जुन्या लोकांचे निरीक्षण अगदी खरे आहे. हे फूल दिवेलागणीनंतर उमलते आणि सकाळी नऊपर्यंत उघडे राहते. सकाळी फिरायला येणाऱ्यांना ते हमखास दिसेल.

कारंजे मात्र बंद करा. बहुतेक झाडांची श्वासरंध्रे पानाच्या खालच्या बाजूला जास्त असतात. लिलीचे पान पाण्यावर टेकलेले, म्हणून तिची रंध्रे वरच्या बाजूला. त्यांच्यावर सतत तुषार पडले की पान पिवळे पडून सडते. तिला स्थिर पाणी आणि रोज निदान पाच-सहा तास थेट ऊन हवे.

प्रश्न : याच तळ्याचा गाळ काढून नवी लागवड करायची आहे. कधी आणि कशी?

उत्तर : फेब्रुवारीअखेर, थंडी सरल्यावर. जेसीबी लावून गाळ सरसकट उचलू नका. जुन्या तळ्यात वर्षानुवर्षांचे कंद असतात, आणि रात्री फुलणाऱ्या जातींचे कंद पाने नसतानाही जिवंत असतात. गाळ घमेल्याने काढा, हाताने चाचपा, टणक कंद ओल्या गोणपाटात ठेवा. मऊ पडलेला, वास येणारा कंद टाकून द्या.

लागवड थेट तळात नको, दीड फूट रुंद टबात करा. तीन घमेली काळी माती, एक घमेले नदीचा गाळ. शेणखत, पालापाचोळा, कोकोपीट घालायचे नाही. ते पाण्यात कुजते, तरंगते आणि पाणी हिरवे करते. कंदाचा कोंब मातीच्या वर ठेवा आणि माती उठू नये म्हणून वर बोटभर जाडीची खडी पसरा. सुरुवातीला टबावर फक्त वीतभर पाणी असू द्या. पाने वर आली की टब दीड-दोन फुटांवर उतरवा. हंगामात महिन्यातून एकदा १० ग्रॅम १०:२६:२६ हे रासायनिक खत कागदात गुंडाळून कंदापासून लांब, मातीत खोल दाबा. खत पाण्यात सुटले की शेवाळ माजलेच.

मे महिन्यात आपल्याकडे तळ्याचे पाणी रोज सेंटीमीटरभर तरी उडते. तुमच्या तळ्यात ते साधारण ५५० लिटर होते. भर बोअरच्या पाण्याची घातली तर पाणी उडते आणि क्षार मागे राहतात. पानांच्या कडा करपू लागल्या की समजा. पावसाळ्यात निम्मे पाणी बदला. डासांसाठी गप्पी मासे सोडा, तिलापिया किंवा गवत्या मासा नको, ते कोंब खातात.

प्रश्न : लिली पॉन्ड ही इंग्रजांची आवड, असे म्हणतात. आणि ते थाळीएवढे पान आपल्याकडे येईल का? (वाचक, जळगाव जिल्हा)

उत्तर : बागेतला बांधीव लिली पॉन्ड ही त्या काळाची देणगी, फूल आपलेच. एरंडोलजवळ पद्मालयाच्या तळ्यातली कमळे पाहा. कमळाचे पान पाण्याच्या वर उभे आणि अखंड. लिलीचे तरंगते आणि देठापर्यंत चिरलेले. थंड हवेत टिकणाऱ्या रंगीत लिली युरोपला १९ व्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सचे रोपवाटिकाकार लातूर-मार्लियाक यांनी संकरातून दिल्या. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात त्या मांडल्या होत्या. लाल कुमुद मात्र आपल्या तळ्यांत आधीपासूनच होते. त्याच्या शास्त्रीय नावाला रॉक्सबर्ग यांचे नाव जोडलेले आहे. ते कोलकात्याजवळच्या शिबपूर उद्यानाचे प्रमुख होते. हे उद्यान १७८७ चे.

तुम्ही म्हणता ती दक्षिण अमेरिकेतली महाकाय पानांची लिली, व्हिक्टोरिया. इंग्लंडमध्ये बागप्रमुख जोसेफ पॅक्स्टन यांनी १८४९ मध्ये ती तापवलेल्या हौदात फुलवली, आणि तिची एवढी चर्चा झाली की वनस्पती उद्यानांत ती मानाची गोष्ट ठरली. फूल पहिल्या रात्री पांढरे, दुसऱ्या रात्री गुलाबी. पान दोन मीटरपर्यंत जाते, म्हणून ३० बाय २० च्या तळ्यात एकच रोप, आणि मग इतर लिलींना जागा उरत नाही. खानदेशात डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांखाली जातो, त्यात ती तगत नाही. दरवर्षी नवी लावावी लागेल. पानाखाली आणि देठावर काटे असतात, मुले हात लावतात अशा काठाजवळ नको. बी मागवाल तर पाण्यात ठेवलेलेच घ्या, कोरडे झालेले उगवत नाही.