सुई लावली की पसरतो?

"म्याडम, सुई लावल्यार तां पसारतां म्हणतत. खरां काय?"

कणकवलीतल्या माझ्या खोलीत हा प्रश्न महिन्यातून तीन-चारदा तरी येतो. विचारणारा कधी तोंडातली जखम भरत नसलेला रिक्षावाला असतो, कधी मिश्री लावणाऱ्या आजीचा मुंबईहून रजा काढून आलेला मुलगा. कॅन्सर आहे का ते बघायला डॉक्टरांनी बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, सांगितलेली असते आणि सुईने तो पसरेल या भीतीने अख्खं घर अडून बसलेलं असतं. म्हणून एका घराची हकिगत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

देवगडकडच्या वहिनी, पन्नाशीच्या आतल्या. स्तनात गाठ. दुखत नव्हती म्हणून चार महिने अंगावर काढलेली. यजमानांची हापूसची कलमं. डॉक्टर म्हणाले, सुईने तुकडा काढून तपासू, आणि दोघं जे घरी परतले ते देवळात कौल लावून बसले. भाचीने हट्टाने माझ्याकडे आणलं.

पहिल्या दोन भेटींत मी गाठीबद्दल जवळजवळ काही बोललेच नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली इथे घाई करतात. "हा गैरसमज आहे हो," म्हणून मोकळ्या होतात. तसं म्हटलं की समोरचं माणूस मान डोलावतं आणि भीती जशीच्या तशी घरी घेऊन जातं. मी विचारते, कोणाचं पाहिलंत? इतक्या वर्षांत या प्रश्नाला उत्तर आलं नाही, असं झालेलं नाही.

"नणंदेचां. तिका सुई लावली आणि सहा म्हयन्यांत गेली."

"गाठ हाताला कधी लागली होती तिच्या?"

"गणपतीत. माकाच दाखवल्यान."

"आणि सुई?"

"शिमग्याच्या आदी."

"मधल्या काळात?"

"लेप लावी."

"सुईनंतर उपचार काय झाले?"

"आता पसारलां, उगाच कित्याक, म्हणान मुंबैक न्हेलंवच नाय."

मी गप्प राहिले. वहिनींचा अंगठा आपोआप बोटांच्या पेरांवर चालू लागला होता. भाद्रपद, आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष, पौष... माघावर येऊन तो थांबला. बराच वेळ तिथेच होता. बाहेर एसटी येऊन थांबली, माणसं चढली, ती गेलीसुद्धा.

"म्हणजे सुईच्या आदीच सहा म्हयने तां वाढत होतां," त्या म्हणाल्या. आणि मग, पदर तोंडाला लावून, "आमीच तिका न्हेलंव नाय."

त्या क्षणी मला जे उमगलं ते आजवर उपयोगी पडतं आहे. सुईवर ठपका होता तोवर घरावर नव्हता. त्या बिचाऱ्या सुईने इतकी वर्षं एका घराचं दुःख सांभाळलं होतं. ते नीट रडून झाल्याशिवाय वैद्यकातलं काहीही आत शिरणार नव्हतं. त्या दिवशी मी एकही माहिती दिली नाही, आणि ते बरोबरच केलं असं मला वाटतं.

पुढच्या भेटीत दिली. स्तनाच्या गाठीत सुई घातल्याने कॅन्सर पसरत नाही. वृषणाच्या गाठीसारख्या मोजक्या ठिकाणी डॉक्टर स्वतःच बाहेरून सुई टाळतात आणि सरळ ऑपरेशन करतात. कुठे घालायची आणि कुठे नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

यजमान तोवर दाराशी बसून होते. म्हणाले, "कॅन्सर तो कॅन्सर. नाव कळान फरक काय?"

"कलमावर रोग आला की काय फवारता?"

"रोग म्हणजे खयचो? तुडतुडो, भुरी, करपो, प्रत्येकाचा औषद वेगळा. आणि आतून पोखरणारो भिरूड असलो तर फवारून काय उपेग? बुंध्याकडे भुसो दिसलो काय भोकात तार घालून बघूक व्हया..." ते बोलता बोलता थांबले. बायकोकडे बघितलं. पुढचं मला बोलावं लागलं नाही.

तेच तर आहे. आपल्या देशात पुरुषांत तोंडाचा कॅन्सर सर्वाधिक, बायकांत स्तनाचा, त्याखालोखाल गर्भाशयाच्या मुखाचा. तोंडाच्या कॅन्सरला बहुधा आधी ऑपरेशन, मग गरजेप्रमाणे रेडिएशन. गर्भाशयमुखाचा लवकर सापडला तर ऑपरेशन, वाढलेला असेल तर रेडिएशन आणि सोबत केमो. रक्ताच्या कॅन्सरला कापायला गाठच नसते, तिथे औषधंच. त्यातल्या एका प्रकारात तर रोजच्या गोळीवर माणसं वर्षानुवर्षं कामधंदा करतात. स्तनाच्या कॅन्सरचेही पोटप्रकार आहेत. काही हार्मोनवर वाढतात, त्यांना मुख्य उपचारानंतर पाच वर्षं किंवा त्याहून जास्त गोळ्या; काहींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त असतं, त्याला नेमकं धरणारं इंजेक्शन वेगळं. यातलं काय आपलं, हे तो तुकडाच सांगतो.

अजून थोडं, कारण इथे माणसं हमखास अडतात. गाठीला तेल चोळू नका, लेप बांधू नका. तुकडा मेणाच्या ज्या लहानशा ठोकळ्यात ठेवतात त्याला ब्लॉक म्हणतात. रिपोर्टबरोबर तो आणि स्लाइड्स, म्हणजे तपासणीच्या काचपट्ट्या, मागून घ्या. परळच्या टाटा रुग्णालयात त्या पुन्हा तपासतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, म्हणून रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. राहण्याची सोय नसेल तर दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, तिथे चौकशी करा.

वहिनींची सुई झाली. हार्मोनवर वाढणारा प्रकार निघाला. आधी केमोने गाठ लहान करायची, मग ऑपरेशन, असं ठरलं. संध्याकाळच्या तुतारी एक्सप्रेसने दोघं मुंबईला गेली. ब्लॉक वहिनींनी हळदीकुंकवाच्या रिकाम्या डबीत घालून पर्समध्ये ठेवला होता.

मागच्या महिन्यात आले तेव्हा यजमानांनी पिशवीतून फवारणीची वही काढली. पुढच्या पानांवर मोहोर, औषध, प्रमाण, तारीख. वही उलटी करून मागच्या पानापासून त्याच अक्षरात, तसेच रकाने आखून, केमोच्या तारखा लिहिल्या होत्या. चारांपुढे बरोबरची खूण होती.