कयाकिंगला, गरवायला जाताना हँडहेल्ड मरीन रेडिओ बाराही महिने जवळ ठेवावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पुण्याहून महिन्यातून दोनदा कोकणात येता. हिवाळ्यात कयाक, उन्हाळ्यात मित्राच्या होडीतून गरवायला, म्हणजे गळानं मासे पकडायला जाणं, पावसाळ्यात खाडी आणि आसपासचे किल्ले. एक चांगला हँडहेल्ड मरीन रेडिओ, म्हणजे होड्या-जहाजांशी बोलायचा हातात मावणारा बिनतारी सेट, घेऊन तो वर्षभर सगळीकडे सोबत ठेवला तर चालेल का, की फोन पुरेसा आहे?

मी हर्णैजवळ राहतो. घरची होडी आहे आणि कयाक बरीच वर्षं चालवतो. समुद्रात उतरत असाल तर रेडिओ हवाच, आणि तो होडीत नव्हे, अंगावर हवा. डोंगरात मात्र तो नेऊ नका. आणि बाराही महिने त्याच्यावर सारखाच भरवसा ठेवता येत नाही, कारण रेडिओ ऐकणारं कोणीतरी आसपास असावं लागतं.

अंगावर का, ते आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका सकाळी मी आणि माझा मित्र दोन कयाक घेऊन सुवर्णदुर्गाला वळसा घालायला निघालो. सकाळी मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा. जाताना तो पाठीशी असल्यामुळे हात चालवायचे कष्टच पडत नाहीत आणि आपण किती बाहेर आलो ते कळत नाही. किल्ल्याच्या पश्चिमेच्या अंगाला पोचल्यावर आडोसा संपला आणि मित्राची कयाक उलटली. ती सरळ करायच्या नादात त्याच्या हातून सुटली. रिकामी कयाक वाऱ्यावर माणसाच्या कितीतरी पट वेगानं पळते. बघता बघता ती पन्नास हात पुढे गेली, आणि त्याचा रेडिओ तिच्या पुढच्या कप्प्यात, झाकण घट्ट लावून, अगदी कोरडा होता.

मी त्याला माझ्या कयाकच्या मागच्या टोकाला धरायला लावलं. त्याला ओढत वाऱ्याविरुद्ध वल्हवून बघितलं, पण जागचे हललो नाही. मग फोन काढला. फोन पाऊचमध्ये होता, चार्ज होता, रेंजच्या दोन दांड्याही दिसत होत्या. पण पाऊचवर खारं पाणी, बोटं ओली, स्क्रीन दाबलं की भलतंच काहीतरी उघडायचं. कुलूप उघडून नंबर लावेपर्यंत दोन लाटा अंगावर आल्या आणि मी तो नाद सोडला. घरच्या होडीचा रेडिओ मी त्या दिवशी लाइफ जॅकेटच्या खांद्याच्या पट्टीला अडकवला होता. तो काढायचाही नव्हता, नुसती मान वळवायची होती. चॅनेल १६ वर दोनदा हाक मारली, उत्तर नाही. आमच्या बंदरातल्या होड्या आपापसात ज्या चॅनेलवर बोलतात तो मला ठाऊक होता. तिथे गेलो आणि पहिल्याच हाकेला परतीच्या वाटेवरच्या एका होडीच्या तांडेलानं, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखानं, विचारलं, ‘किल्ल्याच्या कुठल्या बाजूला?’ वीसेक मिनिटांत ती होडी आली. तांडेल नंतर म्हणाला की आम्ही पाण्यात इतके खाली होतो की वल्हं उभं धरलं नसतं तर दिसलो नसतो.

त्या दिवसापासून आमच्याकडे दोन नियम आहेत. रेडिओ ज्याचा त्याच्या छातीवर. आणि निघण्याआधी धक्क्यावर विचारायचं: आज कोण कोण बाहेर आहे आणि कुठल्या चॅनेलवर ऐकताय? चॅनेल १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, हा जगभर संकटाचा आणि हाक मारण्याचा चॅनेल. मोठी जहाजं आणि तटरक्षक दल त्यावर कान ठेवून असतात. लहान मासेमारी होड्या मात्र बऱ्याचदा आपल्या कामाच्या चॅनेलवर असतात. हाक पहिली १६ वरच मारायची, पण दुसरा चॅनेल कुठला ते पाठ हवं.

आता रेंजबद्दल, कारण दुकानदार तिथेच गोंधळ घालतात. हँडहेल्ड सेट ५ किंवा ६ वॉटचा असतो. पण मरीन रेडिओ ज्यांवर चालतो त्या व्हीएचएफ लहरी साधारण सरळ रेषेत जातात, त्यामुळे वॉटपेक्षा अँटेनाची उंची महत्त्वाची. हिशेब सोपा आहे: अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढायचं, त्याला ४.१ नं गुणायचं, दोन्ही बाजूंची उत्तरं मिळवायची, की किलोमीटर आले. तुम्ही पाण्यात आहात आणि अँटेना जेमतेम अर्धा मीटर वर आहे असं धरा, तुमचे आले ३. मासेमारी होडीच्या डोलकाठीवर ६ मीटरवर अँटेना असेल तर तिचे १०. म्हणजे १३ किलोमीटर, तेही कागदावर. लाटा, ओली अँटेना, अर्धवट बॅटरी धरून मी त्याच्या निम्मे मोजतो. जहाजाची अँटेना २५ मीटरवर असेल तर कागदावरचा आकडा २३-२४ पर्यंत जातो. पण दोघंही पाण्यात असाल तर दोन-तीन किलोमीटरच्या पलीकडची आशा धरू नका. म्हणून बोलताना अँटेना सरळ उभी आणि पाण्याबाहेर ठेवायची. घाबरलेला माणूस सेट आडवा तोंडाशी धरतो आणि निम्मी रेंज तिथेच जाते.

फोनची गोष्ट वेगळी आहे. फोन एकालाच लागतो, आणि ज्याला लागतो तो बहुतेक वेळा घरी बसलेला असतो. रेडिओवरची हाक टप्प्यातले सगळे एकदम ऐकतात, आणि त्यातलाच कोणीतरी सगळ्यात जवळ असतो. शिवाय फोन जमिनीवरच्या टॉवरवर जगतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या भागातले टॉवर कित्येक दिवस बंद होते, वीज तर त्याहून जास्त. तरीही फोन घरी ठेवा असं मी म्हणणार नाही. समुद्रातल्या संकटासाठी तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे नंबर त्यात हवेत, आणि ११२ आहेच. दोन्ही जवळ ठेवा, पण हात आधी रेडिओकडे जाऊ द्या.

आता ‘बाराही महिने’ या शब्दाकडे येतो. तुमच्या प्रश्नातली मला खरी काळजी वाटली ती इथेच.

ऑक्टोबर ते मे आमचा समुद्र होड्यांनी भरलेला असतो. हर्णै, दाभोळ, जयगड, कुठूनही बाहेर पडा, पाच-सात किलोमीटरच्या आत कोणीतरी असतं. तेव्हा रेडिओ सोन्यासारखा. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस मासेमारीबंदी असते. होड्या ओढून वर घेतलेल्या, शाकारलेल्या असतात. त्या दोन महिन्यांत किनाऱ्याजवळच्या पाण्यात तुमची हाक ऐकायला जवळपास कोणी नसतं. दूरवरून जाणारं जहाज ऐकेल कदाचित, पण ते तुमच्यापर्यंत उथळ पाण्यात येऊ शकत नाही. समुद्र सगळ्यात वाईट असतो तेव्हाच रेडिओला कान नसतात. म्हणून पावसाळ्यात रेडिओ आहे या भरवशावर समुद्रात जाऊ नका. अजिबात नको. बंदी उठली तरी आमची जुनी माणसं नारळी पौर्णिमेपर्यंत थांबायची, ती उगाच नाही.

आणि पावसाळा संपला म्हणजे सगळं सुरळीत, असंही नाही. फयान वादळ ११ नोव्हेंबर २००९ ला आलं, हंगाम ऐन भरात असताना, होड्या बाहेर असताना. नोव्हेंबरात आणि मेमध्ये निघण्याआधी हवामान खात्याचा इशारा आणि इन्कॉइस या सरकारी सागरी माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज बघा, बंदरावरचा बावटा बघा.

पावसाळ्यात खाडीत कयाक चालवण्याबद्दल विचारलंत. वाशिष्ठीसारख्या खाडीत दोन्ही अंगांनी डोंगर आहेत, आणि एका वळणापलीकडे रेडिओचा आवाज जात नाही. तिथे मला जास्त भरवसा आहे तो काठावरच्या माणसाचा, ज्याला तुम्ही कुठून निघालात आणि किती वाजता परत यायचंय हे माहीत आहे. सोबत शिट्टी आणि लाइफ जॅकेट. ओहोटी लागली आणि वरून पुराचं पाणी आलं की मुखाकडची ओढ फार जबर असते. भरतीचं कोष्टक बघितल्याशिवाय उतरू नका. खडपावर गरवणाऱ्यांनाही हेच. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, ओल्या काळ्या खडकावर उभंच राहू नये.

आता परवाना. आपल्याकडे मरीन व्हीएचएफ सेट ऑनलाइन मागवला आणि खिशात घातला असं करता येत नाही. तो सेट परवान्याखाली, बोटीच्या नावावर असायला हवा. दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर त्याचा अर्ज होतो. वॉकीटॉकीच्या बेकायदा विक्रीवरून २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन विक्रेत्यांना नोटिसा दिल्या, म्हणजे विषय किरकोळ नाही. तुमच्या मित्राची होडी नोंदणी केलेली असेल तर रीतसर मार्ग हाच की हँडहेल्ड सेट त्या होडीच्या परवान्यात दाखवून घ्यावा आणि तुम्ही होडीबरोबर असताना वापरावा. जिवावर बेतलेलं असेल तेव्हा हाताशी असेल त्या साधनानं मदत मागायला आंतरराष्ट्रीय नियमांची आडकाठी नाही. पण ती सवलत संकटापुरती. चॅनेल १६ वर ‘कुठे पोचलास, चहा घेतला का’ हे चालत नाही, कारण तेवढ्या वेळात दुसऱ्या कुणाची तरी हाक दबते.

यावरूनच किल्ल्यांकडे वळतो. खेडजवळच्या रसाळगड-महिपतगडावर मरीन रेडिओ का नको? एक तर तिथे तो वापरायला परवानगी नाही, आणि सह्याद्रीत १६ वर ऐकणारंही कोणी नाही. पण त्याहून मोठं कारण वरच्याच हिशेबात आहे. ९०० मीटर उंचीवरून हाच आकडा सव्वाशे किलोमीटरवर जातो. तुम्ही वर उभं राहून मित्राशी गप्पा माराल आणि खाली समुद्रात कुणाचं इंजिन बंद पडलेलं असेल, त्याच्या हाकेवर तुमचा आवाज बसेल. ट्रेकसाठी ४४६ मेगाहर्ट्झचे कमी ताकदीचे सेट आहेत, ठरलेल्या मर्यादेतले, त्यांना परवाना लागत नाही. गटातल्या पुढच्या आणि मागच्या माणसाकडे एकेक पुरतो. परदेशातून सॅटेलाइट मेसेंजर मागवायचा विचार असेल तर थांबा. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा तसलं यंत्र बाळगल्यामुळे इथे लोक पोलिसांच्या ताब्यात गेलेले आहेत.

सेट घेताना मी तीन गोष्टी बघतो. पाण्यात तरंगतो का. पाणी रोखण्याचा दर्जा आयपीएक्स७ किंवा ८ आहे का (७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो). आणि ओल्या हातानं, न बघता बटण सापडतं का. बाकी स्क्रीन रंगीत आहे की नाही यानं काही बिघडत नाही. समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्यानं धुवा, विशेषतः चार्जिंगचे पितळी टोक. मीठ तिथे हिरवं होऊन बसतं आणि एक दिवस सेट चार्ज झालाय असं दाखवतो पण झालेला नसतो. निघताना बॅटरी पूर्ण, आणि किनाऱ्यावरच चॅनेल बदलून, ठरलेल्या चॅनेलवर एकदा आवाज देऊन बघायचा.

आणि बोलायचं कसं, हे घरी तोंडपाठ करा. बटण दाबून क्षणभर थांबायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. जीव धोक्यात असेल तर ‘मेडे’ तीनदा. मग आपण कोण, कुठे, काय झालंय, किती माणसं. ‘मेडे, मेडे, मेडे. पिवळी कयाक, पिवळी कयाक. सुवर्णदुर्गाच्या पश्चिमेला अर्धा मैल. एक कयाक उलटली, एक माणूस पाण्यात, एकूण दोन माणसं. मदत पाहिजे.’ मग बटण सोडायचं. घाबरलेली माणसं बटण दाबूनच ठेवतात आणि उत्तर ऐकूच येत नाही. इंजिन बंद आहे पण लगेच धोका नाही, अशा वेळी ‘पॅन पॅन’. जागा दोन्ही प्रकारे सांगता यायला हवी: होडीवाल्यांना किल्ला, दीपगृह, मुख अशा खुणा कळतात, तटरक्षक दलाला अक्षांश-रेखांश द्यावे लागतात. आमचं पाणी हिवाळ्यातही २५ अंशांच्या आसपास असतं, थंडीनं माणूस लगेच गळत नाही. म्हणजे शोधायला वेळ मिळतो, फक्त तुम्ही कुठे आहात हे शोधणाऱ्याला कळायला हवं. तेवढ्यात वारा तुम्हाला वाहवत नेत असतो, म्हणून दर काही मिनिटांनी जागा पुन्हा सांगत राहायचं.

पुढच्या खेपेला हर्णैला आलात तर संध्याकाळच्या लिलावाआधी धक्क्यावर या. होड्या तेव्हा परत आलेल्या असतात, तांडेल मोकळे असतात, आणि कुठला चॅनेल चालू आहे ते तुम्हाला तिथेच कळेल.