सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि माण तालुक्यात पाण्याचे टँकर, असं का? आणि जिथे पाऊस जास्त, तिथली माणसं मुंबईला का जातात?

पहिल्याचं कारण सह्याद्री. अरबी समुद्रावरून आलेले ढग घाट चढताना रिकामे होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटरवरच्या, माणमधल्या दहिवडीला पाचशेच्या आसपास. पर्जन्यछाया म्हणतात ती हीच.

खरी गंमत दुसऱ्या प्रश्नात आहे. पाऊस जास्त म्हणजे सुबत्ता, हे गणित इथे चुकतं. घाटाकडच्या पाटण, जावळीत पाणी पडतं आणि उतारावरून वाहून जातं. शेती तुकड्यांची, भात आणि नाचणीची. म्हणून तिथली कित्येक घरं मुंबईतल्या माथाडी कामावर उभी राहिली. १०५ टीएमसीचं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) कोयना धरणही तिथलंच, पण त्यातलं ६७.५ टीएमसी पाणी वीज करायला पश्चिमेकडे, कोकणात सोडलं जातं.

पैसा आला तो मधल्या पट्ट्यात. कराड आणि शेजारच्या सांगली जिल्ह्यातलं वाळवा इथे पाऊस बेताचाच, पण काळी सपाट जमीन आणि कृष्णा हाताशी. ऊस, कारखाने, कॉलेजं, दाट वस्ती सगळं तिथेच.

पूर्वेकडच्या माण, खटाव आणि सांगलीतल्या आटपाडी, खानापूरकडची माणसं मात्र मुंबईवर थांबली नाहीत. सोनं-चांदी गाळायचा गलाईचा धंदा घेऊन ती पार दक्षिणेपर्यंत पोचली. कोइमतूरच्या सराफ बाजारात गलाईच्या दुकानात अस्सल माणदेशी बोली ऐकू आली, तर दचकू नका. गावाकडे आता टेंभू, उरमोडी या सिंचन योजनांचं पाणी आल्यावर डाळिंब, द्राक्षं वाढलीत. आटपाडीचं डाळिंब तर बघतच राहावं असं.