त्याला शब्द पुरवू नकोस

नेरुळहून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. नवऱ्याला 15 वर्षं फिट्स येत होत्या. 8 महिन्यांपूर्वी मेंदूच्या डाव्या टेम्पोरल भागाचं, म्हणजे कानाजवळच्या भागाचं, ऑपरेशन झालं. फिट्स थांबल्या, पण आता त्याचे शब्द अडतात. कढीपत्ता आठवत नाही, सख्ख्या भाचीचं नाव आठवत नाही. ‘तो अडखळला की मी लगेच शब्द सांगते, तरी माझ्यावरच चिडतो. घरात गप्प. खाली वॉचमनकाकांशी मात्र अर्धा अर्धा तास बोलतो. ऑपरेशनच्या कागदांवर मी सही केली, ती चूक झाली का?’

प्रिय मैत्रिणी,

सहीचं आधी संपवू. चूक झालेली नाही. 15 वर्षांच्या फिट्स थांबल्यात.

वॉचमनकाकांचं वाक्य तू तक्रार म्हणून लिहिलंस आणि पुढे गेलीस. मी तिथेच थांबले. गेटवरही त्याचे शब्द अडत असणारच. पण काकांना घाई नाही. हा ‘ते... आपलं ते...’ म्हणत थांबला की तेही थांबतात. तू थांबत नाहीस.

डाव्या बाजूच्या या ऑपरेशननंतर साधारण तिघांतल्या एकाला नावं आठवणं जड जातं. बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते, आणि टेम्पोरल भागाच्या पुढच्या टोकाचा संबंध खास करून माणसांच्या नावांशी असतो. म्हणून भाचीचं नाव अडतं. ती कोण, कितवीत शिकते, कशावरून रुसते, हे सगळं त्याला माहीत असतं. समज शाबूत असलेल्या माणसाला बायको दिवसभर शब्द भरवत राहिली तर तो चिडेल नाही तर काय करेल? मला त्याचा राग पटतो.

आजपासून शब्द सांगणं बंद. तो अडला की त्याच्याकडे बघ आणि थांब. तो फिरून सांगेल, ‘फोडणीत टाकतो तो हिरवा पाला.’ कळलं ना? मग बोलणं पुढे जाऊ दे. त्याने स्वतःहून ‘काय गं ते?’ विचारलं, तरच पहिलं अक्षर सांग. नुसतं ‘क’. घरातल्या बाकीच्यांनाही हेच सांग, आणि त्याचे फोन तू घेऊ नकोस. आपलं माणूस अडखळताना बघवत नाही, जीव तुटतो, कळतं मला. तरीही थांबायचं.

त्याच्या गोळ्यांत टोपिरामेट हे फिट्सचं औषध असेल तर त्यानेही शब्द अडू शकतात. न्यूरोलॉजिस्टना विचारा, आपल्या मनाने एकही गोळी कमी करू नका.

आणि स्पीच थेरपी याच महिन्यात सुरू करा. वांद्रे रेक्लमेशनला बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग संस्था आहे. हार्बरने वडाळ्याला उतरून गाडी बदलायची. तिथे नाव, वय, तक्रार विचारतील तेव्हा त्यालाच बोलू दे, मागे रांग खोळंबली तरी.