आधी दिशा बघा, मग कॅमेरा काढा : वाचकांच्या फोटोग्राफीच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : ताई, डिसेंबरात घरच्यांना घेऊन गोव्याला आलो होतो. सगळे म्हणतात सकाळचा उजेड चांगला, म्हणून ओल्ड गोव्याला मुद्दाम लवकर गेलो, तरी बॉम जीझस चर्चचा पुढचा भाग काळवंडलेला आलाय, मागचं आकाश पांढरंफटक आणि सगळ्या इमारती मागे पडतायत असं वाटतं. मोबाइल चांगला आहे, मग बिघडलं कुठे? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मोबाइलचा काही दोष नाही, आणि सकाळचा उजेड चांगला हेही खरंच, फक्त तो इमारतीच्या तोंडावर पडायला हवा ना! बॉम जीझसचं तोंड आहे पश्चिमेला. सकाळी सूर्य तिच्या पाठीमागे असतो, म्हणजे तुम्ही सावलीचा फोटो काढलात आणि मागचं आकाश जळलं. रस्त्याच्या पलीकडच्या से कॅथेड्रलचं तोंड बरोबर उलट, पूर्वेला. म्हणून सकाळी से आणि दुपारी चारनंतर बॉम जीझस, एवढा क्रम बदललात तरी निम्मं काम झालं. कुठल्याही गावी जायच्या आधी मॅपवर वास्तूचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघून ठेवा, माझ्या मते महागड्या लेन्सपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

बॉम जीझसला संध्याकाळी का जायचं ते जरा नीट सांगते. १६०५ मध्ये पूर्ण झालेल्या या चर्चचा बाहेरचा गिलावा १९५० च्या दशकात काढून टाकला आणि आतला लाल चिरा उघडा पडला. चिरा म्हणजे भोकाभोकांचा दगड, समोरून सपाट उजेड पडला की नुसता तांबडा डाग दिसतो. पण डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तुम्ही चर्चकडे तोंड करून उभे राहिलात की ऊन उजवीकडून तिरकं येतं आणि प्रत्येक भोकात छोटी सावली पडते, तेव्हा कुठे तो दगड हाताला लागेल असा दिसायला लागतो. नक्षीचे भाग काळ्या दगडाचे आहेत, तो वसईकडून आणलेला. काळा आणि तांबडा एकाच फ्रेममध्ये असल्यामुळे मोबाइल गोंधळतो, तेव्हा स्क्रीनवर तांबड्या चिऱ्यावर बोट दाबून एक्स्पोजर (फोटोत किती उजेड यायचा ते) लॉक करा आणि किंचित खाली ओढा.

इमारती मागे पडतात कारण तुम्ही जवळ उभं राहून मोबाइल वर तिरका केलात. मागे जा, अजून मागे, मोबाइल सरळ उभा धरा, खाली अंगण जास्त आलं तर येऊ दे, नंतर कापता येतं. सेटिंगमध्ये ग्रिड चालू करून भिंतीची कड त्या उभ्या रेषेला लावा. ०.५ च्या वाइडचा मोह आवरा, कडेचे खांब ताणले जातात. तरी कललंच तर स्नॅपसीडमधल्या पर्स्पेक्टिव्हनं सरळ होतं, पण त्यासाठी दोन्ही बाजूला मोकळी जागा सोडलेली हवी, नाहीतर सरळ करताना मनोरा कापला जातो. आणि से कॅथेड्रलचा एक मनोरा १७७६ मध्ये कोसळला तो परत बांधलाच नाही, त्यामुळे तिथे दोन्ही बाजू समान ठेवायचा हट्ट नको, डावीकडचा मनोरा घ्या आणि उजवीकडे आकाश मोकळं राहू द्या.

प्रश्न : आमच्याकडच्या देवळांचे फोटो काढते, पांढरं देऊळ नेहमी राखाडी येतं. आणि तांबडी सुर्लाला कधी जाऊ? – एक वाचक, फोंडा

उत्तर : कॅमेऱ्याला सगळं जग मध्यम करड्या रंगाचं वाटतं, समोर पांढरं आलं की तो घाबरून फोटो काळा करतो. प्लस १ पर्यंत एक्स्पोजर वाढवा. पणजीच्या मेरी इमॅक्युलेट चर्चलाही हाच उपाय. मंगेशीचा दीपस्तंभ मला दिवेलागणीलाच आवडतो, आकाश अजून निळं असतं आणि दिवे लागलेले असतात, हा वेळ फार थोडा टिकतो, तयारीत राहा. तळीतलं प्रतिबिंब हवं असेल तर उभं राहून मिळत नाही, पायरीवर बसा आणि मोबाइल पाण्याच्या जवळ न्या. गाभाऱ्याचा फोटो काढू नका, पुजाऱ्यांना विचारून बाकीचं काढा.

तांबडी सुर्लाचं महादेवाचं देऊळ कदंब राजांच्या काळातलं, काळ्या दगडाचं, तोंड पूर्वेला, तेव्हा सकाळीच जा. काळा दगड उजेड गिळतो, इथे वरच्या उलट, एक्स्पोजर कमी करायला लागतं. आत मंडपाच्या छतावर कोरलेलं कमळ चुकवू नका. पुरातत्त्व खात्याच्या जागी ट्रायपॉडला परवानगी लागते, त्यामुळे कोपर अंगाला लावून, श्वास धरून दोन-तीन फोटो घ्यायचे, एक तरी स्थिर येतो. नार्व्याचं सप्तकोटेश्वरही बघा, शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केलेलं.

प्रश्न : पणजीच्या मळा भागात, फोंतेनिशच्या जुन्या वस्तीत, एका घरासमोर फोटो काढत होतो तर आतून बाई ओरडल्या. रस्ता तर सगळ्यांचाच ना? – एक वाचक, पुणे

उत्तर : रस्ता सगळ्यांचा, पण पायरी, बाल्कांव (दारापुढची बसायची ओसरी) आणि खिडकी त्यांची. दिवसभर दारात कोणी ना कोणी पोज देत उभं, कपडे बदलतात, ड्रोन उडवतात, आणि आत म्हातारी माणसं दुपारी झोपलेली असतात. मला त्या बाईंचंच बरोबर वाटतं. 'फोटो काडल्यार जाता?' असं कोंकणीत विचारा, बहुतेक वेळा हसून हो म्हणतात, नाही म्हणाले तर पुढे चला. आणि अख्खं घर कशाला हवं? शिंपल्याच्या तावदानांची जुनी खिडकी दिसली तर थांबा. बाहेरून ती करडी दिसते, पण कुणी आत बोलावलं तर बघा, पातळ शिंपल्यातून ऊन दुधासारखं गाळून येतं आणि लाकडी पट्ट्यांची जाळी जमिनीवर उमटते. तो एक फोटो दहा रंगीत भिंतींच्या वर आहे.

प्रश्न : जुलैत चोर्ला घाटात जायचंय, एसीच्या गाडीतून उतरलं की लेन्सवर वाफ धरते. – एक वाचक, बेळगाव

उत्तर : घाट यायच्या अर्धा तास आधी एसी बंद करून काचा उघडा, कॅमेरा बॅगेतच असू दे, लेन्स पुसत बसू नका. पोलरायझर फिल्टर असेल तर लेन्सवर लावा, ओल्या पानांवरची चमक जाते आणि हिरवा खरा दिसतो. घरी आल्यावर बॅग तशीच बंद ठेवू नका, आपल्याकडच्या दमटपणात लेन्सला बुरशी लागते, सगळं बाहेर काढून वाळवा आणि मग सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवा, जेलचा रंग बदलला की ते बदला.